बुधवारी उत्तरेला

मुलानं फोनवर एक चित्र पाठवलं. दोन शहरांची नावं टाकली की मधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणाऱ्या साइट असतात ना, त्यातल्या एकीचं. एका टोकाला इंदूर, दुसऱ्या टोकाला व्हँकूव्हर, मध्ये निळी रेघ, खाली हजारांत किलोमीटर आणि तास. त्याखाली त्याचं वाक्य : 'आई, एक बार देख लो. फिर बोलना जाना है.'

माझा मुलगा बंगळुरूला असतो. मराठी बोलतो, पण लिहायची वेळ आली की हिंदीत शिरतो, कारण शाळा सगळी हिंदीत झाली. तो वाईट नाही. त्याला माझी काळजी वाटते आणि काळजी वाटली की तो आकडे पाठवतो. पण एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला अंतर दाखवून घाबरवायचं म्हणजे सुताराला करवत दाखवण्यासारखं झालं. हाटपिपल्याच्या शाळेत मी सुरुवात केली, मध्ये काही वर्षं कन्नौदला होते, देवासच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झाले. पृथ्वी केवढी आहे हे मला कोणी सांगायला नको. त्याला समजेल अशा भाषेत मी उत्तर लिहिलं : 'देख लिया. जाना है.'

शिवाय तो हिशेबच अर्धवट होता. त्या साइटचा वेळ विमानाची चाकं उचलली की सुरू होतो. माझा प्रवास देवासच्या घराला कुलूप लावलं की सुरू होणार. मग अख्खं इंदूर ओलांडून पलीकडच्या विमानतळावर, तिथं दोन तास, तिथून दिल्ली, दिल्लीत सहा तास खुर्चीवर, मग चौदा-पंधरा तासांचं मोठं विमान, उतरल्यावर रांग, आणि शेवटी गाडीनं बहिणीचं घर. मी कागदावर बेरीज केली. तीस तासांच्या आसपास आली. वय अडुसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. हे सगळं मीच मांडलं आणि मीच म्हटलं, बरं, मग?

धाकटी बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. छत्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती कॅनडाला गेली. भांडण नाही, पळून जाणं नाही, सगळं रीतसर, धारच्या घरी मांडव घालून. ती अधूनमधून यायची, मुलांच्या सुट्ट्या बघून, बहुतेक उन्हाळ्यात. आमच्याकडून मात्र तिच्याकडे कधी कोणी गेलं नाही. आईवडील गेले नाहीत, दादा गेला नाही, आणि इतरांना नावं ठेवणारी मीही गेले नाही. विचारलं की प्रत्येकाचं एकच उत्तर असायचं, लांब आहे.

दादा आमचा थोरला, आता चौऱ्याहत्तरचा. धारला असतो, नोकरी संपल्यावर घराण्याच्या देवळातली पूजा बघतो. भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी जायचं, हे त्यानं माझ्या बाबतीत एक वर्षही चुकवलं नाही. पूर्वी धारहून बसनं इंदूर, तिथून दुसरी बस, पुढे स्वतःची गाडी. जवळजवळ शंभर किलोमीटर यायचं, ओवाळून घ्यायचं, जेवायचं, ताणून द्यायची आणि संध्याकाळी परत. माझ्या नवऱ्याच्या आजारपणातही आला. मी ते गृहीतच धरलं होतं. सकाळी दहाला दारात चपला वाजणार, हे मला घड्याळासारखं ठाऊक.

त्याच दिवशी धाकटी तिकडे चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नसतो, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, अशी आपल्याकडे रीत. तिला भाऊ होता, तरी ती चंद्राला ओवाळत होती. पहिल्या काही वर्षांत ती हे हसत सांगायची. नंतर सांगेनाशी झाली आणि आम्हीही विचारेनासे झालो.

दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, म्हणजे यंत्रावर रक्त साफ करून घेणं. इतका लांबचा प्रवास आता तिच्यानं होत नाही. यंदा पावसाळा संपता संपता तिचा फोन आला. तब्येतीचं बोलून झालं, मुलांचं बोलून झालं. मग ती म्हणाली, "ताई, इथं त्या दिवसांत पाऊसच असतो गं. चंद्र कधी दिसलाच नाही. जिथं असेल असं वाटायचं, तिकडे तबक फिरवायचे."

मला फार राग आला. कोणाचा, हे नक्की सांगता येत नाही. पण त्या रागाच्या तोंडी मी म्हटलं, "या भाऊबीजेला मी येतेय."

मग ती म्हणाली, "लांब आहे, ताई." आमचंच वाक्य तिनं आमच्या तोंडावर फेकलं होतं, पण तिला ते कळलंही नाही. ती खरंच माझ्या गुडघ्याची काळजी करत होती.

पासपोर्ट मुलानं मागेच काढून ठेवला होता, व्हिसासाठी त्याच्याशी भांडून त्याच्याकडूनच अर्ज भरून घेतला. तिकीट मात्र मी स्वतः, बसस्टँडजवळच्या तिकीटवाल्याकडे जाऊन काढलं. तो माझ्या एका विद्यार्थिनीचा नवरा निघाला. "अकेले जाओगे आप? इत्ता लंबा? भिया को साथ ले लो, आंटीजी." मी म्हटलं, "तुमचा भिया बंगळुरूला, त्याच्या मुलांच्या परीक्षा आहेत. तू दिवाळीच्या आधी पोचेन असं बघ." बुधवारचं तिकीट निघालं. त्यानं न विचारता व्हीलचेअर टाकली. मी ती काढायला लावली.

मग धारला फोन करून दादाला सांगितलं. त्यानं आधी गुडघा काढला, मग वय काढलं, मग दिल्लीत विमान चुकलं तर, हे काढलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि तिकिटाचा वार सांगितला. त्यावर तो म्हणाला, "थांब, पंचांग बघून सांगतो."

अर्ध्या तासानं त्याचा फोन आला. आवाज मोठा खूश. "बुधवार चालेल. अमेरिका, कॅनडा म्हणजे पश्चिम. पश्चिमेचा दिशाशूल शुक्रवार आणि रविवार. बुधवार मोकळा आहे. फक्त नक्षत्र बरं नाही त्या दिवशी. तर प्रस्थान ठेवू. मी येतो."

आमच्या घरात हे अजून चालतं. अमुक वारी अमुक दिशेला निघू नये, तो दिशाशूल. आणि निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर प्रवाशाचं एखादं वस्त्र, सुपारी, हळकुंड, अक्षता असं गाठोड्यात बांधून जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, ते प्रस्थान. म्हणजे माणूस त्या मुहूर्तावर निघाला असं धरतात. मग खरोखर कधीही निघा, चार-पाच दिवसांच्या आत. एकदा ठेवलेलं प्रस्थान घरात परत आणत नाहीत. मी भूगोलाची बाई असले तरी हे मला कधी खुपलं नाही. निघालेल्या माणसाला मागे फिरू न देण्याची ती युक्ती आहे, आणि बरी युक्ती आहे.

दादा सोमवारी सकाळी धारहून आला. गाठोडं घरूनच बांधून आणलं होतं. चहा न घेता तो आमच्या रांगेत पश्चिमेला तीन घरं सोडून राहणाऱ्या पेन्शनर जोडप्याकडे गेला, मुहूर्तावर गाठोडं त्यांच्या देवापाशी ठेवलं आणि हात झटकत परत आला. चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. मला काय झालं कोण जाणे. त्याचं ते समाधान मला सहन होईना.

मी आतून पृथ्वीचा गोल आणला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा. "दादा, हे टोक दिल्लीवर धर." त्यानं धरलं. दुसरं टोक मी व्हँकूव्हरवर धरलं आणि दोरा ताणला. वर्गात हे मी शेकडो वेळा केलंय. गोलावर सगळ्यात जवळची वाट नकाशातल्या सरळ रेघेसारखी नसते. दोरा पश्चिमेला गेलाच नाही. हिमालय ओलांडून, सैबेरियावरून तो वर चढला, बर्फाच्या समुद्रावरून गेला आणि पलीकडून खाली उतरला. विमानं वाऱ्यापायी, लढायांपायी वाट वाकडी करतात, ते वेगळं. पण ताणलेला दोरा खोटं बोलत नाही.

दादा गोलावर वाकून बघत राहिला. "ही तर उत्तर झाली."

"उत्तरच आहे."

"आणि बुधवारी उत्तरेचाच शूल असतो गे." तो खुर्चीत बसला. "तिकीट बदल."

"बदलणार नाही."

"ऐक माझं. गुरुवारचं घे. एका दिवसानं काय होतं?"

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "एका दिवसानं काय होतं ते तिला विचार. तिचा एक दिवस यंत्रावर जातो, दुसरा अंथरुणात जातो. दादा, ती गेल्यापासून छत्तीस भाऊबिजा झाल्या. दर वर्षी तू माझ्याकडे येऊन-जाऊन दोनशे किलोमीटर केलेस. कर गुणाकार. सात हजार दोनशे. एवढ्यात तू इथं असतास." आणि मी दोऱ्यावर बोट ठेवलं, बर्फाच्या समुद्राच्या मधोमध. "निम्म्याहून जास्त वाट संपली असती. एका बहिणीकडे दर वर्षी येत राहिलास आणि दुसरीला चंद्र दाखवलास. तोही ढगात."

दादावर मी आयुष्यात आवाज चढवला नव्हता. आमच्यात चढवत नाहीत. पण मी थांबले नाही. प्रस्थान चुकीच्या दिशेला आहे तर निदान ते तरी नीट करू म्हणून तीन घरं चालत गेले, त्या बाईंना काहीतरी सांगून गाठोडं उचललं आणि आमच्या मागच्या बाजूला, उत्तरेच्या घराकडे निघाले. वाटेत माझ्या लक्षात आलं, प्रस्थानात प्रवाशाचं वस्त्र लागतं आणि दादानं माझ्याकडे साडी नाही, पोलकं नाही, काहीच मागितलं नव्हतं. मग आत कोणाचं वस्त्र आहे? मी तिथंच, रस्त्यावर, एका कट्ट्यावर गाठोडं सोडलं.

आत त्याचं उपरणं होतं. पूजेला खांद्यावर घेतो ते, काठ विरलेलं.

तो मागून आलाच होता. "हे काय आहे?" मी विचारलं.

"माझं आहे." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुझं प्रस्थान मी कशाला ठेवू? तू जाणारच होतीस. मी माझं ठेवलं. निदान निघाल्यासारखं तरी होईल. जाताना ते घेऊन जा. भाऊबीजेला पाटावर ठेव. तिला म्हणावं, याला ओवाळ."

खरं सांगते, एखादी बाई तिथं विरघळली असती. पण लगेच मला धाकटी दिसली, डायलिसिसच्या सुयांची पट्टी बांधलेल्या हातानं तबक धरून उपरण्याला ओवाळताना. मी उपरणं घडी करून परत गाठोड्यात बांधलं.

"नाही नेणार," मी म्हटलं. "छत्तीस वर्षं तिनं चंद्राला ओवाळलं. आता कापडाला ओवाळायचं?"

"मग मी काय करू?"

"इतकी वर्षं का नाही गेलास, ते सांग आधी."

तो त्या कट्ट्यावर बसला. समोरून भाजीची गाडी गेली. "आधी रजा मिळत नव्हती," तो म्हणाला. "नंतर लाज वाटायला लागली."

मी गाठोडं उत्तरेच्या घरी नेऊन ठेवलं. ते दादाचंच प्रस्थान होतं, ते आता बरोबर दिशेला होतं, पुढचं त्याचं त्यानं बघावं. संध्याकाळी तो धारला परत गेला. जाताना "तुझ्या वहिनीनं द्यायला सांगितलीय" म्हणत धण्याची पुडी माझ्या हातात देऊन गेला. बुधवारी शूल असला की धणे खाऊन निघतात म्हणे. उत्तरेचं त्यानं वहिनीला दुपारीच फोनवर विचारलं असावं, कारण पुडी इथल्याच दुकानातली होती. बुधवारी मी धणे खाल्ले. धण्यांशी माझं काही भांडण नव्हतं.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. दिल्लीत त्या चमकत्या फरशीवर चालून चालून गुडघ्यानं मला खोटं पाडलं आणि नाकारलेल्या व्हीलचेअरमध्ये मी मुकाट्यानं बसले. मोठ्या विमानात खिडकीची झडप बंद ठेवायला सांगत होते, मी ती दोन बोटं उघडी ठेवली. खाली कधी काळोख होता, कधी पांढरं काहीतरी. ढग का बर्फ, मला ओळखता आलं नाही. एवढा भूगोल शिकवून ओळखता आलं नाही, याचं हसू आलं. शेजारच्या पंजाबी बाईंनी विचारलं, "किन्ने घंटे रह गए?" मी पडद्यावर बघून सांगितलं. मग दर तासाला त्या मला विचारत राहिल्या आणि मी सांगत राहिले.

विमानतळावर धाकटी आली नव्हती, तिचा डायलिसिसचा दिवस होता. तिच्या नवऱ्यानं मला घरी नेलं. तीस नव्हे, एकतीस तास लागले. दार उघडं होतं. ती सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती, माझ्या आठवणीतल्या बहिणीच्या निम्मी. मी जवळ गेले तर म्हणाली, "चपला काढल्यास का?" मी परत दारापाशी गेले आणि चपला काढल्या. मग आम्ही दोघी रडलो.

भाऊबीजेच्या दिवशी बाहेर पाऊस लागला होता. तिनं तबक तयार केलं : निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. सवयीनं ती खिडकीकडे निघाली. मी पाट मागितला. पाटावर मला बसता येईना, म्हणून स्वयंपाकघरातली खुर्ची पाटावर ठेवली, खाली रांगोळीची एक ओळ ओढली आणि डोक्यावर पदर घेऊन खुर्चीवर बसले.

"हे काय?" ती म्हणाली. "पाटावर भाऊ बसतो."

"भाऊ आला नाही. मी आलेय."

"भाऊबीजेला बहिणीला कोणी ओवाळतं का?"

"अकरा हजार किलोमीटर आली तर ओवाळतात."

ती हसली. मग तिनं मला कुंकू लावलं, टिकली नव्हे, भावाला लावतात तसं उभं. पट्टीचा हात तिला फार उचलवत नव्हता, तबक अर्ध्यावरच फिरत होतं. मी वाकून कपाळ खाली आणलं. जे ओवाळणं मला दर वर्षी दारात चालत यायचं आणि ज्याच्याकडे मी नीट कधी पाहिलंही नव्हतं, ते करताना माझ्या बहिणीचे ओठ थरथरत होते. मला स्वतःची शरम वाटली.

ओवाळून झाल्यावर भाऊ विचारतो तसं मी विचारलं, "बोल, काय हवं?"

मला वाटलं, ती काही नको म्हणेल. तशीच आहे ती. पण ती तबक धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "दादाला आण. मला ओरडायचंय त्याच्यावर. फोनवर ओरडता येत नाही, फोनवर तो नुसतं हं हं करतो. समोर बसवून ओरडायचंय. मी आहे तोवर आण."

परत आल्यावर मी देवासला सामान टाकलं आणि दुसऱ्या दिवशी धार गाठलं. दादाला तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. तो म्हणाला, या वयात पासपोर्ट कोण देतो? मी म्हटलं, मागून तर बघ. मागितला. पोलीस चौकशीला आले, त्यांना वहिनीनं पोहे दिले. पासपोर्ट आला. मग व्हिसाच्या अर्जासाठी फोटो हवा होता. काल मी त्याला धारच्याच एका स्टुडिओत नेलं. पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं. मुलगा मला बंगळुरूहून फोनवर नियम वाचून दाखवत होता : चेहरा सरळ, चष्मा नाही, हसायचं नाही.

फोटोवाला दोनदा कॅमेऱ्यामागून बाहेर आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा हळूच मला म्हणाला, "दीदी, बाबूजी की आँखें नहीं आ रहीं. पानी है आँख में."

मी पुढे गेले आणि पदरानं दादाचे डोळे पुसले, लहान मुलाचे पुसतात तसे, जरा जोरातच.

"इथं नाही रडायचं," मी त्याला म्हटलं. "तिच्यासमोर रड. आता सरळ बघ."